वाळूचं माप

समजा, तुमच्या घरचं शेत दरवर्षी जागा बदलतं. मागच्या उन्हाळ्यात जिथं बसून तुम्ही टरबूज फोडलं, तिथं श्रावणात पुरुषभर पाणी असतं. पाणी उतरलं की शेत भलतीकडंच वर निघतं. कधी दहा पावलं अलीकडं, कधी पार नदीच्या मध्यावर. बांध नाही, झाड नाही, खूण नाही, नुसती ओली वाळू. आता ती वाळू डोळ्यांपुढं आणा, तिच्यावर बावीस घरांची माणसं उभी करा आणि मला सांगा, कुणाचं शेत कोणतं हे तुम्ही कसं ठरवाल?

गंगथडीच्या टाकळीत हे दोरीनं ठरायचं.

ही टाकळी बीडच्या पार उत्तरेच्या टोकाला, गोदावरीच्या काठावर. थडीची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात. तेव्हा निजामाचं राज्य होतं, सारा त्याच्याच हाली रुपयात भरायचा आणि हैदराबादेहून निघालेला हुकूम टाकळीला पोचेपर्यंत ऋतू पालटून जायचा. गावातल्या भोयांना जमीन नव्हती. पावसाळ्यात ते नाव चालवायचे, मासे धरायचे आणि दिवाळीनंतर पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या वाळूत टरबुजाची वाडी करायचे. वर्षाची भाकरी त्या वाडीवर होती.

दोरी अंबाडीची होती. तिला बावीस गाठी आणि दोन गाठींमध्ये बारा हात अंतर. वर्षभर ती तात्याबा भोयाच्या घरात खुंटीला असायची. वाटणीच्या दिवशी तात्याबा काठावरच्या काळ्या दगडाशी बसून एक टोक गुडघ्यावर धरायचा आणि दुसरं टोक घेऊन त्याच्या घरचं लेकरू वाळूत चालत जायचं. लेकरूच का, तर त्याचा पाय वाळूत कमी रुततो आणि दोरी ओढून कुणाचा पट्टा वाढवायचं त्याच्या मनात येत नाही. गाठ जिथं पडेल तिथं काठी रोवायची. ज्याचा पट्टा गेल्या साली दगडाशी पहिला होता, तो यंदा सगळ्यात शेवटी जायचा आणि बाकीचे एकेक घर पुढं सरकायचे. भांडण कधी झालं नव्हतं असं नाही, पण दोरीवरून झालं नव्हतं.

दोन वर्षं ते टोक तुळजाच्या हातात होतं. तुळजा ही तात्याबाची नात, त्याच्या लेकाची, बिभीषणची मुलगी, नऊ वर्षांची.

त्या साली नवरात्र सरताच तुळजा आणि तिची आई छबुबाई दारात कूड दुरुस्त करत बसल्या. कूड म्हणजे लव्हाळ्याचा आडोसा. थंडीत गंगेवरून उत्तरेचा गार वारा येतो आणि कोवळे वेल करपवतो, म्हणून प्रत्येक पट्ट्याच्या पाण्याकडच्या अंगाला कूड उभा करावा लागतो. उन्हाळ्यात तो गुंडाळून आढ्याला टांगायचा आणि पुढच्या साली कुजलेल्या काड्या काढून नव्या घालायच्या.

"आई, यंदा थोडा लांब इणू का?" तुळजानं विचारलं.

"लांब इणला तर शेजारच्या पट्ट्यात शिरंल. मग शेजारी कुडासकट मला गंगंत टाकतील." छबुबाईनं दातानं सुतळी तोडली. "पट्टा तेवढा कूड. बोटभर जास्त न्हाई."

दुपारी गावचे पाटील अर्जुनराव गेवराईहून आले आणि घोडीवरून न उतरताच बोलले.

"तात्याबा, वाळूचा हर्रास झाला."

"कसला हर्रास?"

"लिलाव. थडीच्या पाच गावची वाळू सरकारनं वाडीसाठी गुत्त्यानं, म्हंजी ठेक्यानं दिली. कुणी औरंगाबादेकडचा गुत्तेदार हाय. मलाबी आजच कळलं."

तात्याबानं गंगेकडं पाहिलं. वाळू अजून पाण्याखालीच होती.

"निघायच्या आधीच दिली?" तो म्हणाला.

दिवाळीनंतर वाळू निघाली आणि तिसऱ्या दिवशी गुत्तेदाराचा मुकादम बंकट दोन गाड्या आणि पंधरा मजूर घेऊन आला. मजूर सगळे दुसऱ्या मुलखातले होते. बंकटनं मोजणीची लोखंडी साखळी काढली, इकडं तिकडं पाहिलं आणि दगडाशी बसलेल्या तात्याबाला हाक मारली.

"काय बे म्हाताऱ्या, नुसता बघतो काय? धर टोक."

तात्याबा उठला. त्यानं टोक धरलं. साखळी जड होती, वाळूत रुतत होती. दर मोजणीला ती उकरून काढावी लागे. बंकट ओरडला की तात्याबा एकेक पाऊल मागं सरे. शेवटी तो घोट्याभर पाण्यात उभा राहिला आणि साखळीचा गंज त्याच्या ओल्या तळव्याला लागला. तुळजा काठावरून बघत होती. आजोबांनी दोन्ही हातांनी ते टोक पोटाशी धरलं होतं.

बिभीषण पुढं झाला. "मुकादम, आमाला कामाला घ्या. ह्या वाळूचं आमाला कळतं. ओल किती खोल हाय, खत किती लागतं..."

"तेच तर," बंकट म्हणाला. तो काही रागानं बोलत नव्हता. "तुला कळतं म्हणूनच न्हाई घेत. आज मजुरी घेशील आन् उद्या वाडी माझीच म्हणशील. मला मालकानं सांगूनच धाडलंय, गावची माणसं घ्यायची न्हाईत."

आठ दिवसांत बिभीषण आणि आणखी चौघे रुळाची खडी फोडायला जालन्याकडं गेले. जाताना त्यानं तुळजाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हाताऱ्याकडं न बघता निघाला.

कार्तिकाच्या अखेरीस टाकळीत एक दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी आली. तिच्यातून बीडचे त्रिंबकराव वकील उतरले. हैदराबादेत कायदे करणारी मजलिस होती, तिच्यावर वकिलांनी निवडून दिलेले ते सभासद होते. अर्जुनराव पाटलांनी बीडला एका कज्ज्यासाठी गेल्यावर त्यांच्या कानावर वाळूची गोष्ट घातली होती आणि ते स्वतः बघायला आले होते. चावडीत त्यांच्यासाठी घोंगडी अंथरली होती, पण ते सरळ वाळूत गेले, जोडे काढले आणि काळ्या दगडाशी बसले. माणसं भोवती जमली. छबुबाई आणि इतर बायका जरा लांब उभ्या राहिल्या.

"मी मजलिशीत दोन गोष्टी मांडणार आहे," वकील म्हणाले. "पहिली, थडीच्या गावची वाळू हर्रासात काढायची नाही. गावानं ठरलेला सारा भरावा आणि वाळू गावानंच कसावी. दुसरी, सरकारचा गुत्ता कुठलाही असो, कामाला आधी त्या गावची माणसं लावायची. तुमची तरणी माणसं खडी फोडायला जातात आणि तुमच्या दारात परमुलखाची माणसं राबतात, हे बरोबर नाही."

माणसांनी माना हलवल्या. शहादेव म्हणून एक भोई होता, त्याला काही विचारल्याशिवाय राहवत नसे.

"वकीलसायेब, मजलिस म्हंजी लई मोठी कचेरी का?"

"कचेरी नव्हे. तिथं कायदे होतात."

"मंग कचेरीत काय व्हतं?"

"तिथं ते मोडतात," वकील म्हणाले आणि स्वतःच हसले. माणसंही हसली. गेल्या महिनाभरात त्या दगडाशी कुणी हसलं नव्हतं.

मग त्यांनी खिशातून कागद काढला. तहसीलदारांकडून त्यांनी एवढं मिळवून आणलं होतं. काळ्या दगडापासून काठावरच्या उंबरापर्यंतची वाळू मजलिशीचा जवाब येईपर्यंत गावाकडं राहील. गावानं ती आपल्या जुन्या मापानं, तंटा न करता वाटून दत्तजयंतीच्या आत पेरावी. त्या दिवशी पडीक दिसली तर ती गुत्तेदाराची.

"अजून पंधरा दिवस आहेत," वकील म्हणाले. "आता मला सबूत हवा. तिथं कुणीतरी उठून म्हणणार, ही अडाणी माणसं, ह्यांची वाटणी म्हणजे मारामारी. तुमच्याकडं वाटणीचा काही कागद आहे?"

"कागद न्हाई," तात्याबा म्हणाला. "दोरी हाय."

तुळजानं धावत जाऊन दोरी आणली. वकिलांनी ती मांडीवर घेतली आणि एकेक गाठ मोजली. मधे चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजली. दोरी कुणी धरायची, कुणी चालायचं, पहिला मागं कसा जातो, सगळं विचारून घेतलं. त्यांचा चेहरा उजळला.

"तात्याबा, ही मला द्या. मी मजलिशीच्या मेजावर ठेवतो. हजार शब्दांनी होणार नाही ते हिच्यानं होईल. आठ दिवसांत परत पाठवतो."

माणसांनी तात्याबाकडं पाहिलं. शहादेवनं तोंड उघडलं आणि मिटलं. मग तात्याबानं दोरी वकिलांच्या हातातून घेतली, वेटोळं घातलं, दोन्ही टोकं आत खोचली आणि त्यांच्या हातात परत दिली.

दमणी चढण चढून गेल्यावर तुळजा म्हणाली, "आबा, आता वाटणी कशानं करायची?"

"यील दोरी. आठच दिस."

"मग न्हाई कावून म्हणला न्हाईत?"

"यवढा मोठा माणूस आपल्यापायी यवढ्या लांब आला, वाळूत बसला. त्याला न्हाई कसं म्हणावं पोरी?"

"मग नवी वळू."

तात्याबा थांबला. "माझ्या बापाच्या वख्ताला वळली व्हती. जुनी कुजली म्हणून नवी केली, आन् जुनीबी टाकली न्हाई. दोन दोऱ्या झाल्या. ज्याला जी लांब वाटंल ती त्यो धराया लागला. एक डोस्कं फुटलं. तवापासून एकच दोरी. एक कुजली तर गावापुढं जाळायची आन् मग दुसरी वळायची."

वकिलांना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. दोरी काय, संध्याकाळपर्यंत दुसरी वळतील, असं त्यांनी धरलं होतं.

ते आठ दिवस टाकळीची माणसं राबत होती. छबुबाई आणि तुळजा पाट्यांनी लेंडीखत वाळूच्या कडेला नेऊन टाकत होत्या. चढउतारानं छबुबाईचा गुडघा सुजला, तिनं त्याला रुईचं पान बांधलं. खालच्या अंगाला बंकटच्या मजुरांनी नाळी खणल्या होत्या. त्या उथळ होत्या हे येताजाता दिसत होतं. छबुबाई एकदा थांबली आणि एका मजुराला म्हणाली, "दादा, ओल लागंपर्यंत खणा. न्हाईतर बी जळंल." त्यानं मुकादमाकडं पाहिलं आणि पुन्हा तसंच खणू लागला.

आठवा दिवस गेला. दोरी आली नाही. नवव्या दिवशी छबुबाईनं गाडग्यातलं बी काढलं, रात्रभर भिजत घातलं, फडक्यात बांधलं आणि चुलीशेजारी कोमट राखेत पुरलं. बी भिजलं की थांबत नाही. तीनचार दिवसांत कोंब येतो, आणि कोंब आला की त्याला वाळूच हवी.

"थांबली असतीस," तात्याबा म्हणाला.

"थांबून दत्तजयंती थांबती का?"

तेराव्या दिवशी पाटलांकडं टपाल आलं. चावडीपुढं सगळे जमले. अर्जुनरावांनी चष्मा लावून वाचलं.

"राजमान्य राजश्री अर्जुनराव पाटील यांस कृतानेक नमस्कार विनंती विशेष. प्रश्न मांडला. दोरी मेजावर ठेविली. सभासदांनी जागेवरून उठून गाठी मोजिल्या. दोन्ही मागण्या तपासाकरिता कमिटीकडे सोपविल्या असून दोरी पुराव्यात जमा झाली आहे. निर्णय होईतो परत मिळणे नाही. बोलणे वाया जाणार नाही असा भरवसा वाटतो. गावची पेरणी एव्हाना उरकली असेलच."

पाटलांनी कागदाची घडी घातली.

"उरकली असंलच," शहादेव म्हणाला.

मग सगळेच बोलू लागले. कुणी म्हणालं पावलांनी मोजा. कुणाच्या पावलांनी, असं दुसऱ्यानं विचारलं. कुणी म्हणालं दोरी वळा, त्याबरोबर म्हातारी माणसं उठून उभी राहिली. जुनी जिवंत असताना नवी वळायची नाही. आवाज चढले. तेवढ्यात बंकट खालच्या अंगानं आला आणि साखळीचं भेंडोळं त्यांच्यापुढं ठेवलं.

"उगं कावून भांडता? आमची साखळी घ्या. मोजा आन् परत द्या."

शहादेवनं भेंडोळ्याला हात घातला. तात्याबा पहिल्यांदाच बोलला. "शहादेव, कागदात काय लिवलंय? जुन्या मापानं. उद्या ह्योच जाऊन सांगंल की गाव आमच्या साखळीनं मोजतंय."

बंकट नाही म्हणाला नाही. भेंडोळं उचलून निघून गेला.

"मंग तूच सांग," शहादेव म्हणाला. "दोरी तूच दिलीस. आमी दिली न्हाई."

तात्याबा चावडीवरून निघाला. तो घरी आला आणि खुंटीखाली भिंतीला टेकून बसला. त्यानं भाकरी खाल्ली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच छबुबाईनं राख उकरून फडकं सोडलं. प्रत्येक बी उललं होतं, पांढरे कोंब नखाएवढे झाले होते. एकदोन एकमेकांत गुंतले होते. दत्तजयंती उद्यावर होती.

"आज संध्याकाळपातूर वाळूत गेलं न्हाई तर म्हशीला घालावं लागंल," ती म्हणाली. तिनं फडकं पुन्हा बांधलं, पण राखेत ठेवलं नाही. मग दारात उभा केलेला कूड बघून म्हणाली, "धर गं तिकडून. ठिवू आढ्याला. हितं भिजून कुजंल."

तुळजानं एक टोक धरलं, छबुबाईनं दुसरं. गुंडाळायच्या आधी दोघींनी तो ताणून धरला. तुळजा आईकडं बघत राहिली. आई जेवढ्या अंतरावर उभी होती, तेवढंच अंतर तिनं दोन वर्षं पायाखाली घातलं होतं, एका गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंत.

"आई, ह्यो किती हात हाय?"

"बारा. पट्ट्याएवढा. कावून?"

तुळजानं जाऊन आईच्या हातातलं टोकही घेतलं. तिनं कूड गुंडाळला, काखेत धरायला गेली, जमेना, म्हणून एक टोक खांद्यावर टाकून ओढत निघाली. छबुबाई दारात उभी राहिली. तिनं लेकीला हाक मारायला तोंड उघडलं, मग फडक्यातल्या बियांकडं पाहिलं आणि सुजलेला गुडघा विसरून तिच्या मागं चालू लागली.

काठावर माणसं बसलेली होती. कालचं भांडण संपलं नव्हतं, नुसतं थकलं होतं. तात्याबाही लांब एकटा बसला होता. वाळूवरून रेघ काढत पोर येताना दिसली तेव्हा शहादेव म्हणाला, "वाडी न्हाई तं कूड कशाला गं? कुणाला वारा लागाया लागला?"

तुळजानं कुडाची कड काळ्या दगडाला भिडवली आणि तो पाण्याच्या बाजूनं सरळ अंथरला. मग त्याच्या दुसऱ्या टोकाशी जाऊन उभी राहिली.

शहादेव उठून जवळ आला. त्यानं कुडाकडं पाहिलं, दगडाकडं पाहिलं.

"ही दोरी न्हाई," तो म्हणाला.

"न्हाई," तुळजा म्हणाली. "तुमचा कूड आणा काका. आमच्याशी जुळला न्हाई तर दोनी गंगंत टाकू."

शहादेव गेला आणि आपला कूड घेऊन आला. दोन्ही शेजारी शेजारी अंथरले. त्याचा अंगठाभर कमी भरला. तो खाली वाकला, टोकाच्या कुरतडलेल्या काड्या बोटांनी चाचपल्या.

"उंदरानं खाल्ला," तो म्हणाला. "माप बराबर हाय."

तोवर आणखी दोघं आपापले कूड खांद्यावर घेऊन निघाले होते. खालच्या अंगाला बंकट मजुरांना थांबवून बघत होता. तात्याबा उठला, सावकाश चालत दगडापाशी आला आणि नेहमीच्या जागी बसला. त्यानं कुडाची दगडाकडची कड उचलून गुडघ्यावर घेतली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली.

छबुबाई फडकं पोटाशी धरून उभी होती. गेल्या साली दगडाशी पहिला पट्टा तात्याबाच्या घरचा होता, म्हणून यंदा त्यांचा नंबर बाविसावा. आज पहिला पट्टा शहादेवचा.

तुळजानं कुडाच्या टोकाशी काठी रोवली. शहादेवनं ती हलवून पाहिली आणि फावडं आणायला गेला. मग तुळजानं कूड उचलला, त्याची कड त्या काठीला भिडवली आणि दुसऱ्या घरासाठी पुन्हा अंथरला.